लोकर महाग, वीण नाजूक. नाव नोंदवू का?

पत्र

ताई,

स्वेटर, टोप्या, मोजे असं विणकाम मी बरीच वर्षं करते आहे. हात बसलेला आहे. साधा स्वेटर असला की गप्पा मारता मारता सुया चालतात. हल्लीच एका विणकाम क्लबची माहिती मिळाली. दर दोन महिन्यांनी ते हाताने रंगवलेल्या उंची लोकरीची एक लडी पाठवतात. कधी मेरिनो मेंढीची लोकर आणि रेशीम, कधी कश्मिरी. सोबत त्याच लडीसाठी तयार केलेला लेसचा, म्हणजे जाळीदार विणीचा नमुना. रंग आधी सांगत नाहीत. वर्षाची वर्गणी एकदम भरायची. शिवाय महिन्यातून एकदा सभासद एकत्र बसून विणतात.

मला फार मोह होतोय. पण लेस मी आजवर विणलेली नाही, आणि इतकी महाग लोकर हातात घ्यायचीच भीती वाटते. मुलगी म्हणते, आधी कपाटातली लोकर संपव. मैत्रीण म्हणते, दोघींत एकच सभासदत्व घेऊ, लडी अर्धी-अर्धी करू आणि नमुन्याची झेरॉक्स काढू. शिवाय तिथे सगळ्या तरबेज बायका असणार, आपलं हसं होईल असंही मनात येतं. काय करू?

— मोहात पडलेली

उत्तर

नाव जरूर नोंदवा, पण या खेपेला नको. आधी घरच्या लोकरीवर लेसचा एक मफलर पूर्ण करा, अगदी धुऊन, ताणून, वाळवून. तो झाला की क्लबचं पुढचं सत्र धरा, आणि जमलं तर वर्षाऐवजी सहा महिन्यांचं. तुमचा हात कच्चा आहे म्हणून मी थांबवत नाहीये. क्लबचा वेग आणि लेसचा वेग यांचं गणित जुळत नाही, आणि ते पैसे भरायच्या आधी तुम्हाला कळलेलं बरं.

दोन महिन्यांनी एक, म्हणजे वर्षाला सहा पाकिटं. लेससाठी जी बारीक लोकर येते, तिच्या 100 ग्रॅमच्या लडीत साधारण 800 मीटर धागा असतो. मोज्यांची लोकर तेवढ्याच वजनात 400 मीटरच्या आसपास भरते. म्हणजे वजन तेच, पण विणायचं दुप्पट. त्यातून क्लबचे नमुने बहुतेक शालींचे असतात, आणि शालींत त्रिकोणी शाल सगळ्यांची लाडकी. ती मानेपाशी चार-पाच टाक्यांपासून सुरू होते आणि दर दोन ओळींनी रुंदावत जाते. सुरुवात इतकी भराभर होते की माणसाला वाटतं, आठवड्यात संपेल. प्रत्यक्षात 70 टक्के ओळी विणून झाल्या तेव्हा लोकर जेमतेम निम्मी संपलेली असते. उरलेलं निम्मं काम शेवटच्या 30 टक्के ओळींत असतं. सुईवर साडेतीनशे टाके असले की एका ओळीला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि तीही गप्प बसून. नव्याने लेस शिकणाऱ्या बाईची एक शाल तीन-चार महिने खाते. तेवढ्यात पुढचं पाकीट दारात.

म्हणून वर्षाअखेर बऱ्याच सभासदांकडे दोन शाली आणि चार न उघडलेली पाकिटं असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त ते आधी मान्य केलेलं असावं. सहाही विणून होतील या हिशेबाने पैसे भरलेत तर चौथ्या पाकिटापासून अपराधी वाटायला लागेल, आणि छंद म्हणून घेतलेली गोष्ट डोक्यावर बसेल.

तुमच्या मुलीचं म्हणणं मला अर्धं पटतं. कपाटातली लोकर संपल्याशिवाय नवी आणायची नाही असा नियम विणणाऱ्या कुठल्याही बाईने आजवर पाळलेला मी पाहिलेला नाही, तेव्हा तो सोडून द्या. पण सरावासाठी तीच लोकर काढा. गुळगुळीत, फिक्या रंगाची, आणि मुख्य म्हणजे खरी लोकर असलेली. गडद रंगात टाके दिसत नाहीत; काळ्या लोकरीवर पहिली लेस शिकू नये, डोळे दुखतात आणि चूक तर सापडतच नाही. अॅक्रिलिकही टाळा. ते पाण्यात भिजवून ताणलं तरी वाळल्यावर पुन्हा आक्रसतं, मग जाळी उघडत नाही आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

काय विणायचं? स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरची जुनी लाटांची वीण घ्या, तिला ओल्ड शेल म्हणतात. चार ओळींचा नमुना आहे आणि त्यातल्या एकाच ओळीत नक्षी आहे. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट, तिसऱ्या ओळीत नक्षी, चौथी पुन्हा सगळी सुलट. नक्षीचा संच 18 टाक्यांचा: आधी तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र विणायचे, मग सहा वेळा धागा सुईवरून घेऊन एक सुलट टाका, मग पुन्हा तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र. दोन संच आणि दोन्ही कडांना तीन-तीन साधे टाके धरून 42 टाके घाला. नेहमीच्या सुईपेक्षा एक-दोन नंबर जाड सुई घ्या, कारण लेस घट्ट विणायची नसते.

ती तिसरी ओळ विणताना जरा मोजून बघा. सहा ठिकाणी दोनाचा एक केला, म्हणजे सहा टाके गेले. सहा वेळा धागा वरून घेतला, म्हणजे सहा नवे आले. अठराचे अठराच राहिले. बहुतेक लेस याच हिशेबावर उभी आहे: प्रत्येक भोकाचा कुठेतरी एक जोडीदार असतो, एकत्र केलेले दोन टाके. तो जोडीदार भोकाच्या शेजारीच असेल किंवा ओल्ड शेलसारखा सहा टाके पलीकडे असेल, पण असतोच. (शालीला रुंदी वाढवायची असते तिथे मुद्दाम जोडीदार ठेवत नाहीत.) हे एकदा डोळ्याला दिसायला लागलं की तुम्ही नमुना वाचत नाही, विणलेलं कापडच वाचता. ओळीच्या शेवटी एक टाका कमी भरला तर बहुधा धागा वरून घ्यायचा राहिलेला असतो. त्यासाठी उसवायची गरज नाही. परतीच्या ओळीत त्या जागी दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा सुईवर उचलून घ्या, झाली जाळी. भोक किंचित लहान दिसेल, ते ताणताना सावरून जातं.

स्वेटरवर टाका निसटला तर तुम्ही क्रोशाच्या सुईने शिडी चढवत वर आणत असाल. लेसमध्ये ती युक्ती अडते, कारण खाली कुठे दोनाचा एक झालेला असतो, कुठे मधूनच नवा टाका उगवलेला असतो. शिडीच्या पायऱ्या सरळ नसतात. म्हणून लेस विणणाऱ्या बायका लाइफलाइन घालतात. नमुन्याचा एक फेरा पूर्ण झाला की परतीच्या साध्या ओळीनंतर, सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून घ्यायचा. मार्करमधून, म्हणजे खुणेसाठी सुईवर अडकवलेल्या कड्यांमधून, मात्र ओवायचा नाही, नाहीतर ते तिथेच अडकून बसतात. पुढे काहीही बिघडलं तर सुई काढून बिनधास्त उसवा. उसवणं त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं आणि टाके जागच्या जागी उभे असतात.

महाग लोकरीची भीती वाटते म्हणता, तिच्यावर मला माहीत असलेला उपाय हाच आहे. धीर धरा वगैरे सांगून ती जात नाही. मागे यायची वाट ठेवलेली असली की जाते.

आता त्या लडीत नेमकं काय येईल त्याबद्दल. ‘उंची लोकर’ हा शब्द फार ढोबळ आहे. मेरिनोला उसळी असते. ताणली की परत येते, चूक पोटात घालते. रेशमाला चमक आहे, ताकद आहे, पण उसळी अजिबात नाही, आणि धातूच्या सुईवरून ते सटासट घसरतं. रेशीम जास्त असलेली लडी आली तर लाकडी किंवा बांबूची सुई काढा. मेरिनो आणि रेशीम एकत्र पिळलेला धागा पहिल्या खऱ्या शालीसाठी सगळ्यात चांगला: जाळी उघडी राहते आणि शालीला झोकही येतो. कश्मिरी म्हणजे बकरीच्या जाड केसांखालची मऊ लव. तिचे तंतू साधारण 19 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात आणि आखूड असतात. म्हणून ती ऊबदार, आणि म्हणूनच घासली की तिच्यावर गोळे येतात. खांद्यावर रोज पर्स अडकवणार असाल तर निव्वळ कश्मिरीची शाल नको. अल्पाका या उंटाच्या कुळातल्या प्राण्याची लोकर घेतली तर विणकाम वजनदार पडतं आणि वापरता वापरता लांबत जातं.

मोहेर (अंगोरा बकरीची लोकर) आणि रेशमाचा तो धुक्यासारखा धागा येईल, त्याला मात्र जपा. दिसतो अप्रतिम. त्याचे केस एकमेकांत इतके गुंततात की उसवताना धागाच तुटतो. सराव नसताना त्यात गुंतागुंतीची लेस विणायला देणाऱ्या क्लबचा मला रागच येतो. तसं पाकीट आलं तर ते बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षी उघडा.

रंगाबद्दलही एक गोष्ट. हाताने रंगवलेल्या लडीत एकाच वेळी चार-पाच रंग उड्या मारत असतील तर लडी म्हणून ती मोहक दिसते, पण विणल्यावर रंग लेसला खाऊन टाकतात. बारीक नक्षीला एकाच रंगाच्या हलक्या-गडद छटा शोभतात. नाव नोंदवण्यापूर्वी क्लबच्या मागच्या दोन-तीन पाकिटांचे फोटो मागा, लडीचे नकोत, त्या लडीतून विणून झालेल्या शालींचे. रंगवणाऱ्या बाईला लेस कळते की नाही हे त्यावरून लगेच समजतं. तिचे रंग तुमच्या अंगावर कधीच न चढणारे असतील, तर विषय तिथेच संपला. क्लबमध्ये आपण निम्मे पैसे अचंब्याचे मोजतो. ज्या बाईला साडीसुद्धा दुसऱ्याने निवडलेली चालत नाही, तिने सरळ दुकानात जाऊन हवी ती लडी आणावी.

फोटोंबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: नमुन्याला लडीतली किती लोकर लागते? क्लबचा रंग बहुधा एकदाच रंगवतात, नंतर तशी लडी मिळेलच असं नाही. नमुना 100 पैकी 98 ग्रॅम खात असेल आणि तुमचा हात थोडा सैल असेल, तर काठाच्या शेवटच्या ओळीत लोकर संपेल. किमान दहा टक्के तरी हाताशी राहायला हवी. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घरात असला तर काठ सुरू करण्यापूर्वी एक ओळ विणून आधी आणि नंतर गुंड्याचं वजन करा. उरलेल्या लोकरीत किती ओळी बसतील ते कळतं. टाके बंद करायला सगळ्यात लांब ओळीच्या रुंदीच्या तीन-चार पट धागा लागतो, तो वेगळा धरा. एखादा धागा तुम्हाला टोचत असेल, मोहेरने किंवा अंगोरा सशाच्या लोकरीने शिंका येत असतील, तर बदलून मिळेल का, मध्येच थांबता येतं का, पाकीट परदेशातून येत असेल तर जकात कोण भरणार, हेही त्याच पत्रात विचारून टाका.

मैत्रिणीचं अर्धं-अर्धं मला पटत नाही. लडी कापली तर नमुन्याचं माप बिघडतं. तो पूर्ण लडीसाठी आखलेला असतो आणि अर्ध्या लडीत शाल लहानच राहते. आणि झेरॉक्स नकोच. नमुना आखणारीने तो विणून, उसवून, परत विणून, दुसऱ्यांकडून तपासून घेतलेला असतो. एका सभासदत्वात एक नमुना एका विणणारीसाठी असतो, तिची कमाई तेवढीच. तुम्हाला दोघींना खर्च वाटूनच घ्यायचा असेल तर पाकिटं वाटा. एका नावावर सभासदत्व घ्या. पहिलं पाकीट तुमचं, दुसरं तिचं, लडी आणि तिचा मूळ नमुना दोन्ही एकत्र. मग तुमच्याकडे वर्षाला तीनच येतात, म्हणजे दर चार महिन्यांना एक, आणि हाच तर लेसचा खरा वेग आहे! तिच्या वाटणीला तुमच्या आवडीचा रंग गेला तर काय, हे मात्र आधीच ठरवा. लोकरीवरून धुमसणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत.

लडी आली की ती थेट विणायला घेऊ नका. लडी म्हणजे मोठं वेटोळं असतं, त्याचा आधी गुंडा करावा लागतो. बांधलेले दोरे सोडण्यापूर्वी ती दोन खुर्च्यांच्या पाठींवर किंवा कुणाच्या तरी हातांवर नीट पसरून घ्या. बारीक धाग्याची 800 मीटरची लडी एकदा गुंतली की सोडवताना रविवार जातो. या कामाला मुलीला बसवा. कपाटाबद्दलचं तिचं भाषण हात अडकलेले असताना ऐकायला हरकत नाही.

आणि ताणण्याबद्दल, ज्याला सगळे ब्लॉकिंगच म्हणतात. स्वेटर विणणाऱ्यांना हे शेवटचं काम वाटतं. लेसमध्ये ते निम्मं विणकाम आहे. सुईवरून उतरलेली लेस चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते आणि नवी माणसं तिथेच खचतात. ती कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजू द्या, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा. मग गादीवर स्वच्छ चादर घालून मध्यापासून कडेकडे ताणत टाचण्या लावा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात, नाहीतर तपकिरी ठिपके कायमचे. काठाचं प्रत्येक टोक वेगळं ओढायचं. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. टाके बंद करताना हात घट्ट ठेवला असेल तर काठ इथे दगा देतो, सगळी शाल ताणली जाते आणि कड आवळलेली राहते. म्हणून टाके बंद करायला जाड सुई घ्या. धाग्यांची टोकंही आधी नुसती लपवा, वाळल्यावर कापा.

शेटलंडच्या उन्स्ट बेटावरच्या आणि रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली अंगठीतून आरपार जातात, हे तुम्हाला क्लबमध्ये कुणीतरी सांगेलच. खरं आहे ते. तुमची जाणार नाही, कारण तो धागा क्लबच्या लडीपेक्षाही कितीतरी बारीक असतो. एस्टोनियातल्या हापसालूच्या शालींवर जे टपोरे गोळे असतात, नुप म्हणतात त्यांना, ते असलेला नमुना पहिल्या वर्षी आला तर गोळ्यांच्या जागी साधा टाका विणा. कुणाला कळणार नाही.

राहिलं हसं होण्याचं. तरबेज बायका तिथे असतील, हे खरं. त्या बसलेल्या असताना काय करत असतात ते पहिल्या दिवशी नीट बघा: निम्म्या उसवत असतात, दोघी-तिघी टाके मोजत असतात आणि कुणी मधे बोललं की पुन्हा एकपासून सुरू करतात. बाकीच्यांच्या हातात मोजे असतात. कारण लेसच्या नक्षीची ओळ आणि गप्पा एकत्र होत नाहीत. तुम्हीही त्या दिवशी साधं विणकाम घेऊन जा, लेस घरी ठेवा. आणि अडलं असेल तर नक्षीची ओळ तिथे विणत बसू नका. लाइफलाइन घातलेला तुकडा पिशवीत घालून न्या आणि जिच्या हातात मोजे आहेत तिच्या शेजारची खुर्ची धरा.